दोन माणसं आणि एक न थकणारं यंत्र

1982 साली आरसीए कंपनीने फ्रान्समध्ये ‘ट्राय आउट’ नावाची एक तबकडी बाजारात आणली. ती करणारे दोघंच होते. मोना सोयोक ही मूळची अमेरिकन तरुणी गायची आणि स्पाट्झ हे टोपणनाव घेतलेला तरुण सिंथेसायझर आणि ड्रम मशीन सांभाळायचा. जोडीचं नाव कास प्रॉडक्ट आणि गाव नान्सी. फ्रान्सच्या पूर्वेकडचा लोरेन हा लोखंडाच्या खाणींचा आणि पोलादाच्या भट्ट्यांचा मुलूख. नान्सी हे त्यातलं विद्यापीठाचं शहर. 1980 च्या सुमारास दोघांची तिथे गाठ पडली. आधी त्यांनी स्वतःच्या हिमतीवर छोट्या तबकड्या काढल्या, मग हा पहिला पूर्ण अल्बम आला. स्पाट्झने त्याआधी मनोरुग्णालयात परिचारकाचं काम केलं होतं. हे सगळं पुस्तक या एका तबकडीभोवती उभं केलं आहे. एवढ्याशा वस्तूसाठी एवढी पानं का, ते आधी सांगायला हवं.

‘ट्राय आउट’ लावली की पहिल्यांदा जाणवतो तो वेग. सिंथेसायझरवरची खर्जातली सुरावट एकसारखी धावत असते, तिच्या पाठीवर यंत्राचा कोरडा ठोका पडत असतो, आणि या दोहोंच्या वर एक बाई कधी पुटपुटते, कधी हसते, कधी ओरडते. पण नुसता वेग म्हणजे जोश नव्हे. लंडनच्या कितीतरी पंक बँडनी याहून जलद वाजवलं आहे आणि त्यातलं बरंचसं आज ऐकवत नाही. या तबकडीतला जोर दुसरीकडून येतो. त्या काळच्या साध्या ड्रम मशीनमध्ये एका आवर्तनाची सोळा घरं असत. प्रत्येक घरात ठोका द्यायचा की ते रिकामं सोडायचं, एवढंच वाजवणाऱ्याच्या हातात. एकदा बटण दाबलं की ती सोळा घरं त्याच अंतराने, त्याच वजनाने फिरत राहणार. तबलजी मिळाला नाही म्हणून तालमाला लावून रियाजाला बसलेल्या गायकाला हा अनुभव पुरेपूर ठाऊक असतो. ते यंत्र आपल्या दमासाठी क्षणभर थांबत नाही, चांगल्या जागेला दाद देत नाही, आपण घसरलो तर सावरून घेत नाही. समेवर आपलं आपल्यालाच यावं लागतं. आपल्याकडे ही रियाजाची सोयच राहिली. या फ्रेंच मंडळींनी मात्र तसलं यंत्र मंचाच्या मधोमध आणून ठेवलं आणि त्याच्याशी सगळ्यांसमोर झुंज मांडली.

मोना सोयोकच्या गळ्यावर जॅझचे संस्कार होते. म्हणजे ठोक्याच्या किंचित मागे रेंगाळणं, शब्द ओढून पुढच्या मात्रेवर टाकणं हे तिला येत होतं, आणि ते ती त्या ताठ चौकटीत करू पाहते. ‘नेव्हर कम बॅक’ या गाण्यात ते सगळ्यात स्पष्ट ऐकू येतं. खाली एक क्षणही न ढळणारी लय आणि वर सतत निसटणारा, श्वास घेणारा, दम लागलेला आवाज. यंत्र थकत नाही, माणूस थकतो. इलेक्ट्रो-पंक नावाच्या प्रकाराचा सारा जोश या दोहोंमधल्या अंतरातून निघतो, असं या पुस्तकाचं म्हणणं आहे. पुढचा सगळा इतिहास मी याच कानाने ऐकला आहे.

या घराण्याचा मूळपुरुष फ्रेंच नाही. न्यूयॉर्कमध्ये 1970 साली अ‍ॅलन व्हेगा आणि मार्टिन रेव्ह यांनी ‘सुइसाइड’ नावाची जोडी जमवली. आपल्या कार्यक्रमांच्या हस्तपत्रकांवर ‘पंक’ हा शब्द छापणाऱ्या अगदी पहिल्यांमध्ये ते होते, तेही लंडनमध्ये त्या शब्दाचा गाजावाजा होण्याच्या कितीतरी आधी. ढोल वाजवणारा नाही, गिटार नाही. रेव्हकडे एक खटारा ऑर्गन आणि स्वस्तातलं तालयंत्र, व्हेगाकडे फक्त आवाज. त्यांची पहिली तबकडी यायला 1977 उजाडलं. पुढच्या वर्षी 16 जूनला ब्रसेल्समध्ये एल्व्हिस कॉस्टेलो या गायकाच्या आधी ते मंचावर आले, तेव्हा श्रोते एवढे भडकले की कुणीतरी व्हेगाच्या हातातला माइकच पळवला आणि तेवीस मिनिटांत सगळं संपलं. त्या तेवीस मिनिटांचं ध्वनिमुद्रण पुढे प्रसिद्ध झालं. संगीतापेक्षा त्यात श्रोत्यांचाच आवाज जास्त आहे, आणि यंत्र मात्र शांतपणे आपला ठोका देत राहिलेलं आहे. ड्रमर असता तर तो उठून गेला असता. व्हेगाला पुढे मान मिळाला तो अमेरिकेपेक्षा फ्रान्समध्ये. 1981 मध्ये त्याचं ‘ज्यूकबॉक्स बेब’ तिथे चांगलंच गाजलं. नान्सीच्या जोडीचं बीज कुठून उडत आलं, हे शोधायला फार लांब जावं लागत नाही.

फ्रान्सची जमीन मात्र तयार होती, आणि ही गोष्ट इंग्रजीतल्या इतिहासांत बहुधा एका ओळीत उरकली जाते. ईव्ह आद्रियाँ हा समीक्षक ‘रॉक ए फोल्क’ मासिकात 1973 सालीच विजेवर चालणाऱ्या उग्र रॉकची बाजू घेऊन लिहीत होता. पॅरिसच्या ले आल भागात मार्क झेरमातीचं ‘ओपन मार्केट’ हे दुकान होतं. बाहेरच्या देशांतल्या अनवट तबकड्या तिथे मिळत आणि त्या ऐकायला येणाऱ्या पोरांमधूनच बँड तयार होत. याच झेरमातीने 21 ऑगस्ट 1976 रोजी नैर्ऋत्य फ्रान्समधल्या मों-द-मार्सां गावी, बैलझुंजीच्या रिंगणात, युरोपातला पहिला पंक महोत्सव भरवला. लंडनच्या 100 क्लबमधला गाजलेला महोत्सव त्यानंतर महिन्याने झाला, आणि तिथेही पॅरिसचा ‘स्टिंकी टॉइज’ हा बँड वाजवून आला.

पण खरा फ्रेंच शोध ‘मेताल युर्बँ’चा. 1976 मध्ये पॅरिसला जमलेल्या या टोळीने बास गिटार आणि ड्रम दोन्ही काढून टाकले आणि त्या जागी सिंथेसायझर आणि तालयंत्र बसवलं. गिटारी ठेवल्या त्या करवतीसारखं कापण्यापुरत्या. गाणी फ्रेंचमध्ये, ओरडून. पॅरिसमधल्या दाट वस्तीच्या इमारतीत ड्रमसेट कुठे लावणार, तालमीची जागा कोण देणार, ड्रमर टिकणार किती दिवस, या रोजच्या अडचणी यंत्राने एका फटक्यात सोडवल्या. उणिवेतून आलेली ही युक्ती त्यांच्या हातात शैली बनली. फ्रेंच कंपन्यांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली. मात्र लंडनच्या ‘रफ ट्रेड’ या तबकड्यांच्या दुकानाने स्वतःचा प्रकाशनाचा उद्योग सुरू केला तेव्हा क्रमांक एकची तबकडी म्हणून त्यांचीच ‘पारी माकी’ काढली. पुढे शिकागोत स्टीव्ह अल्बिनीने ‘बिग ब्लॅक’ हा बँड काढला. त्यातला ड्रमर म्हणजे रोलँड कंपनीचं यंत्रच होतं आणि तबकडीवर त्याचं नावही ‘रोलँड’ असंच छापलं जाई. अल्बिनीने मेताल युर्बँचं ऋण उघडपणे मानलं. फ्रान्सने ज्यांना घरात घेतलं नाही त्यांचा वंश असा अमेरिकेत वाढला.

आता पुन्हा लोरेनकडे. 1970 च्या दशकाअखेर तिथल्या पोलाद उद्योगावर कुऱ्हाड कोसळली. लाँगवी गावात हजारो कामगार रस्त्यावर उतरले आणि मार्च 1979 मध्ये कामगार संघटनेने ‘लोरेन केर दासिए’ नावाचं रेडिओ केंद्र परवान्याशिवाय चालू केलं. रेडिओ प्रसारणावर सरकारची मक्तेदारी असण्याचा तो काळ होता. मे 1981 मध्ये मितराँ राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अशा स्वतंत्र केंद्रांना कायद्याने वाट मोकळी झाली. संस्कृती मंत्री झाले जाक लाँग. 1963 साली नान्सीत विद्यार्थी रंगभूमीचा महोत्सव सुरू करणारे तेच हे गृहस्थ. 21 जून 1982 ला त्यांच्याच खात्याने पहिला संगीत दिवस साजरा केला आणि हौशी मंडळी वाद्यं घेऊन रस्त्यावर आली. कास प्रॉडक्टची गाणी भट्ट्यांवर नाहीत, संपावर तर मुळीच नाहीत; ती इंग्रजीत आहेत आणि बहुतेक वेळा एका माणसाच्या डोक्यात कोंडलेली आहेत. तरीही ती त्याच हवेतली. बंद पडत चाललेल्या यंत्रांच्या प्रदेशात दोन तरुण एक छोटं यंत्र विकत घेतात आणि ते थांबूच देत नाहीत, ही गोष्ट मला योगायोगाची वाटत नाही.

फ्रेंच समीक्षेने या तबकडीला थंड, निर्विकार संगीताच्या फडताळात ठेवलं आणि ती अजून तिथेच आहे. रेन शहरातला ‘मार्की द साद’ हा बँड तिथे शोभतो. करड्या कोटातला, ताठ, शहरी विषण्णतेचा तो आवाज खरोखर थंड आहे. ‘ट्राय आउट’ थंड नाही. तिच्यात ठोका थंड आहे, आवाज तापलेला आहे. या वर्गवारीशी मी पुस्तकभर भांडलो आहे आणि ते भांडण जाणीवपूर्वक केलं आहे.

याच युक्तीला त्या दशकात आणखी वाटा फुटल्या. स्टिंकी टॉइज मोडल्यावर एली मेदेरोस आणि जाक्नो ही दोघं ‘एली ए जाक्नो’ म्हणून पुढे गेली आणि त्यांनी यंत्राकडून अतिशय हलकं, खेळकर पॉप करून घेतलं. कातरीन रँजेर आणि फ्रेद शिशँ यांची ‘ले रिता मित्सुको’ ही जोडी आणखी मोठी झाली. शिशँ पंक बँडमधून आलेला, रँजेर रंगभूमीवरून. 1984 चा त्यांचा पहिला अल्बम जर्मनीत कॉनी प्लँकच्या स्टुडिओत झाला आणि त्यातलं ‘मार्सिया बायला’ घराघरांत पोचलं. त्यांच्यात नाट्य आहे, झळाळी आहे. झुंज मात्र थोडी मागे सरते.

झुंज शिगेला पोचली ती ‘बेरुरिए न्वार’मध्ये. 1983 मध्ये पॅरिसच्या बेवारस इमारतींत राहणाऱ्या, वाजवणाऱ्या तरुणांमधून ही जोडी पुढे आली. फाँफाँ गायचा, लोराँ गिटार वाजवायचा, आणि तालयंत्राला त्यांनी ‘देदे’ असं माणसाचं नाव दिलं होतं. पुढे सॅक्सोफोन आला, मुखवटे आले, विदूषकांची लाल नाकं आली, आगीचे खेळ आले. मंचावर सर्कसच उभी राहायला लागली. पण मध्यभागी तोच देदे, एकाच तालात. अगदी साधा, कवायतीचा वाटावा असा तो ताल हजारो पोरांना एका वेळी पाय आपटता येईल इतका सोपा होता. 1984 च्या युरोपीय निवडणुकीत ल पेन यांच्या अतिउजव्या नॅशनल फ्रंट पक्षाने सुमारे अकरा टक्के मतं मिळवली. पुढच्या वर्षी या बँडने त्या पक्षाविरुद्ध ‘पोर्शरी’ हे गाणं केलं. त्याच्या मैफलींतून पसरलेली घोषणा 2002 मध्ये ल पेन राष्ट्राध्यक्षपदाच्या अंतिम फेरीत पोचले तेव्हा रस्त्यावर ऐकू आली आणि 2024 च्या मोर्चांत, गाणं झालं तेव्हा जन्मालाही न आलेल्या मुलांच्या तोंडी, पुन्हा ऐकू आली. मोठ्या कंपन्यांना नकार देत या मंडळींनी नोव्हेंबर 1989 मध्ये पॅरिसच्या ओलिंपिया सभागृहात तीन रात्री वाजवून स्वतःहून बँड संपवला. 2003 साली रेनला ते पुन्हा एकत्र आले, पण तेव्हा फाँफाँ, म्हणजे फ्राँस्वा गियमो, व्हिएतनामचा इतिहासकार झालेला होता. 2024 मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने या बँडच्या दप्तराचं प्रदर्शन भरवलं. हाताने कापून चिकटवलेली पत्रकं, मुखवटे, गाण्यांच्या वह्या राष्ट्राच्या ठेव्यात जाऊन बसल्या. ज्यांना तो प्रकार पंकशी विसंगत वाटला त्यांचं म्हणणं मला समजतं, पण मला आनंदच झाला. कागद जपले नाहीत तर पुढे इतिहास दुसरे लिहितात.

1990 च्या दशकात यंत्राने माणसाला मंचावरून जवळजवळ उतरवलं. ‘डाफ्ट पंक’ या जोडीने गिटारचा छोटा बँड सोडून घरातल्या खोलीत यंत्रं मांडली आणि जानेवारी 1997 मध्ये ‘होमवर्क’ आला. पद्धत पंकची, पण आवाज नाचघराचा. ग्रनोब्लच्या ‘मिस किटीन अँड द हॅकर’ यांनी 1998 मध्ये ‘1982’ याच नावाचं गाणं करून मागच्या पिढीचं ऋण फेडलं. मिस किटीनचा कोरा, भावशून्य स्वर हा मोना सोयोकला दिलेला उलटा जबाबच म्हणावा लागेल. 2004 मध्ये टायगरसुशी या कंपनीने 1977 ते 1983 मधल्या विसरलेल्या फ्रेंच गाण्यांचा संग्रह काढला आणि त्याला नाव दिलं ते कास प्रॉडक्टच्याच ‘सो यंग बट सो कोल्ड’ या गाण्याचं. नव्या श्रोत्यांना ही वाट तिथून सापडली. मग 2007 मध्ये ‘जस्टिस’ या जोडीचा क्रुसाचं चिन्ह हेच नाव असलेला अल्बम आला. गास्पार ओजे आणि झाव्हिए द रोने यांनी आवाज फाटेपर्यंत ताणला आणि रॉकच्या मैफलीसारखी गर्दी नाचवली. जोश त्यात प्रचंड आहे. तरी माझ्या मोजमापाने तो सीमेवर राहतो, कारण तिथे यंत्रासमोर दमणारं माणूस नाही.

ते माणूस परत आलं नाँत शहरातून. ‘सेक्सी सुशी’ या जोडीत मिच सिल्व्हर यंत्रं चालवतो आणि रबेका वॉरियर गाते, बोलते, शिव्या देते, श्रोत्यांत उडी घेते. भाषा फ्रेंच, मुद्दाम ओबडधोबड. विषय सत्ता, देह, स्त्रियांचं स्त्रियांवरचं प्रेम, खोटी प्रतिष्ठा. तिनेच पुढे व्हितालिक या संगीतकाराबरोबर ‘कोम्प्रोमाट’ ही जोडी जमवली आणि 2019 मध्ये बहुतांशी जर्मनमध्ये गायलेला ‘ट्राउम उंड एक्झिस्टेंझ’ हा अल्बम केला. ही वाट पाडणाऱ्यांपैकी एक, कास प्रॉडक्टचा स्पाट्झ, याच वर्षी वारला. 

मराठी वाचकाला या सगळ्याशी जोडणारा एक खराखुरा धागा गोव्यात आहे. 1980 च्या दशकाच्या पूर्वार्धात हणजूणच्या किनाऱ्यावरच्या रात्री अजून गिटारच्या रॉकवर चालत. लॉराँ नावाच्या फ्रेंच माणसाने तिथे युरोपातलं यंत्रांचं संगीत कॅसेटवर आणून वाजवायला सुरुवात केली. गाण्यांमधला गायनाचा भाग कापून नुसता ठोका आणि सुरावट लांबवायची, अशी त्या काळच्या हणजूणची रीत पडली. पुढे जगभर गेलेल्या गोवा ट्रान्सचा एक उगम इथे आहे. म्हणजे नान्सीत जो मानवी आवाज यंत्राशी झगडत होता, तो हणजूणला कात्रीने काढून टाकला गेला, आणि दमायचं काम पहाटेपर्यंत नाचणाऱ्यांनी अंगावर घेतलं. इकडे ‘ट्राय आउट’ आली त्याच 1982 साली मुंबईत चित्रपटसंगीतात मुरलेल्या चरणजित सिंग यांनी रोलँडची यंत्रं घेऊन दहा रागांची तबकडी केली. ती तेव्हा फारशी कुणी ऐकली नाही, आणि 2010 मध्ये पुन्हा निघाल्यावर जग थक्क झालं. त्यांचा आणि फ्रेंच जोडीचा काहीच संबंध नव्हता. यंत्रांची जातकुळी तेवढी एक होती. एकाने त्या ताठ ठोक्यावर राग निवांत उलगडले, दुसरी त्याच्यावर तुटून पडली.

हे पुस्तक आत्ताच का, याचं उत्तरही या यंत्रातच आहे. ती सोळा घरं आता प्रत्येक मोबाइलमध्ये आहेत. शिवाय यंत्र आज ठोका देऊन थांबत नाही, हुबेहूब माणसासारखं गातंही. ‘ट्राय आउट’मधलं यंत्र माणसाचं सोंग घेत नाही. खऱ्या ढोलासारखं वाटावं अशी त्याच्याकडून कुणाची अपेक्षाही नव्हती. ते खुलेपणाने यंत्र होतं, म्हणूनच शेजारचा माणूस इतका उघड माणूस राहिला. आज नव्याने घरात गाणं करू पाहणाऱ्या कुठल्याही मुलामुलीने हे एकदा ऐकावं, असं मला फार मनापासून वाटतं.

मराठीत लिहिताना आधार घेतला तो आपल्याच समीक्षेचा. केशवराव भोळे आणि अशोक दा. रानडे यांनी गाणं कान देऊन ऐकायची आणि ऐकलेलं नेमकं सांगायची भाषा मराठीत रुजवली. आवाजाचा लगाव, फेक, दमसास, लयीशी खेळणं हे शब्द मोना सोयोकला लावून पाहिले तेव्हा ते उसने वाटले नाहीत. इंग्रजी लेखनात तिच्याबद्दल जे निसटतं ते या शब्दांनी पकडलं. गाण्यांचे अनुवाद मुद्दाम दिलेले नाहीत, कारण या संगीतात शब्दापेक्षा तो कसा फेकला हे महत्त्वाचं. बेल्जियम आणि जर्मनी यांची वाट समांतर आणि तितकीच समृद्ध आहे, पण तिला स्वतंत्र पुस्तक हवं. इथे ड्यूसेलडॉर्फचा ‘डीएएफ’ हा बँड जोडीदार म्हणून फक्त डोकावतो. प्रकरणांची रचना काळाच्या क्रमाने नाही. मध्ये तबकडी आहे, तिच्या अलीकडे नान्सी आणि पॅरिस, पलीकडे नाँत आणि हणजूण. कुठूनही सुरुवात केली तरी चालेल.

एक विनंती आहे. पहिलं प्रकरण उघडण्याआधी ‘नेव्हर कम बॅक’ मोठ्या आवाजात दोनदा लावावं: एकदा फक्त ठोक्याकडे लक्ष ठेवून, एकदा फक्त गळ्याकडे. या दोन ऐकण्यांत जो फरक पडतो, त्याच्याविषयीच पुढची सगळी पानं आहेत.